बादली कोणी भरली?

आमच्या भाच्यानं प्रवासवर्णन लिहिलं आणि ते अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवलं. वास्तविक मी बी. कॉम. माणूस. साहित्याचा आणि माझा संबंध एवढाच, की बँकेत बावीस वर्षं मी कर्जाचे अर्ज वाचत आलोय. ज्यानं हे अर्ज वाचलेत त्याला कल्पनारम्य साहित्य वेगळं वाचावं लागत नाही. म्हसवडच्या दोन एकर खडकाळ माळाचं वर्णन करताना आमचे खातेदार जी प्रतिभा दाखवतात, तिच्यापुढे भलेभले कवी पाणी भरतील. अर्थात म्हसवडात पाणी असेल तर.

तर भाचा. पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत असतो. लग्नानंतर दोघं 'बॅकपॅकिंग' करायला अंदमानात गेली. बॅकपॅकिंग म्हणजे पाठीवर एकेक बोचकं घेऊन हिंडायचं आणि स्वस्तातल्या स्वस्त जागी राहायचं. आमच्या एसटी स्टँडवर बाजाराच्या दिवशी शे-दोनशे माणसं हेच करतात. त्याला इंग्रजी नाव आहे हे त्यांना कुणी कळवलेलं नाही. मी हे भाच्याला म्हटलं. तो म्हणाला, "मामा, ते गरज म्हणून करतात. आम्ही अनुभव म्हणून."

ही दोघं राहिली हॅवलॉक बेटावर. २०१८ च्या डिसेंबरपासून त्याचं नाव स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरहून (तेही २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय) बोटीनं दोन-अडीच तास लागतात. मीही तिथं जाऊन आलोय. बँकवाल्याला चार वर्षांतून एकदा सरळ रेषेत लांब पाठवण्याची एलएफसी नावाची सोय आहे, आणि नकाशावर अंदमानापेक्षा लांबचं आम्हाला काही सापडलं नव्हतं. आम्ही सात नग घेऊन गेलो होतो. सौ. प्रत्येक ठिकाणी ते मोजत होती. राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्य बुडताना ती म्हणाली, "सहाच दिसतायत." सातव्या नगावर मी बसलो होतो. तेव्हा समीक्षकाला विषयाची माहिती हवी, ही अट मी पूर्ण करतो.

लेखन एकूण चाळीस पानांचं. आधी जमेची बाजू सांगतो. बोटीचं वर्णन चांगलं आहे. पाठीवर शंख घेऊन वाळूत चालणाऱ्या खेकड्यावर एक परिच्छेद आहे, तो फारच छान. बेट इतकं पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच, त्यामुळे हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि चहाच्या वेळी रात्र होते, हे त्यानं नेमकं टिपलंय.

आता खर्चाची बाजू. बाकीची तीस-बत्तीस पानं त्या लॉजच्या झोपडीवर आहेत. बांबूच्या भिंती, वर झावळ्या, मच्छरदाणीला भोक, दिवा मधूनमधून जाणारा, पंखा नाही, आणि आंघोळीला एक बादली. यातल्या प्रत्येक नसलेल्या वस्तूमुळे भाच्याला आनंद झालाय. 'साधं' हा शब्द मी मोजला. सवयीप्रमाणे दोनदा मोजला. एकसष्ट. साधी खाट, साधं जेवण, साधी माणसं, साधं जगणं. बादलीपाशी तर त्याला गहिवरून आलंय. एका बादलीत आंघोळ होते, हा शोध त्याला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी लागला.

एखादी गोष्ट नसल्यानं मनाला शांती मिळत असती, तर आमच्या माणदेशातून घरटी एक संत निघाला असता. २०१२ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं जनावरांची छावणी उघडली. माणसं आपली गुरं घेऊन महिनोन् महिने तिथं राहिली. वर ताडपत्री नाहीतर पाचट, खाली माळ, आणि पाणी टँकरचं. साधेपणात काडीची कसर नव्हती. पण त्यातल्या एकानंही प्रवासवर्णन लिहिल्याचं मला आठवत नाही. त्यांचं लक्ष सगळं पावसाकडे. साधं जगणं सुंदर दिसायला परतीचं तिकीट खिशात असावं लागतं.

तरी मी हे खेकसून सांगत नाही. असल्या लेखनाची परंपरा मोठी आहे. मराठीतले माझे आवडते बॅकपॅकर म्हणजे विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक घरचं कर्ज फिटावं म्हणून काकाबरोबर उत्तरेकडे निघाला आणि थेट १८५७ च्या धामधुमीत सापडला. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला. जेवायला कुठं मिळालं, दक्षिणा किती पडली, लुटलं काय गेलं, हे भटजी सांगतात. कर्जाला भिऊन निघालेला माणूस हिशेब सोडत नाही.

गोऱ्या लोकांतलं प्रसिद्ध जोडपं म्हणजे टोनी आणि मॉरीन व्हीलर. १९७२ साली ही दोघं लंडनहून एका जुन्या गाडीतून निघाली, गाडी अफगाणिस्तानात विकली, आणि सिडनीला पोचली तेव्हा दोघांत मिळून सत्तावीस सेंट शिल्लक होते. पुढच्या वर्षी त्यांनी 'अक्रॉस एशिया ऑन द चीप' हे छोटं पुस्तक स्वतःच काढलं. त्यातून लोनली प्लॅनेट ही कंपनी उभी राहिली. माझ्यातल्या कारकुनाला त्यांचं कौतुक आहे, कारण गहिवरण्याआधी ते खोलीचं भाडं सांगतात. मात्र त्यांनी एखादं स्वस्त बेट दाखवायचा अवकाश, की मागून इतकी बोचकी येतात की बेट स्वस्त राहत नाही. पुस्तकाचा हा खर्च पुस्तकात येत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रवास जोडपं करतं, पण वर्णन बहुधा नवरा लिहितो. पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६० ची, 'पूर्वरंग' १९६३ ची. ती वाचून आमच्या घरी तीन पिढ्या हसल्या. दोन्ही प्रवासांत सुनीताबाई बरोबर होत्या. त्यांचं स्वतःचं 'आहे मनोहर तरी' आलं १९९० साली, आणि तेव्हा वाचकांना कळलं, की त्या घराच्या वहीला दुसरंही पान होतं. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे पहिल्याच वर्षी शिकवतात. प्रत्येक जमेला कुठंतरी नावे असतंच. ते दिसत नसेल, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडलंय.

पण भाच्याच्या लेखनात नेमकं काय चुकतंय, ते मला सापडत नव्हतं. ते सापडलं सौ.ला. संध्याकाळी ती तांदूळ निवडत होती आणि मी मोठ्यानं वाचत होतो. बादलीचं पान आलं. मी जरा भावपूर्ण आवाज काढला. ती मान वर न करता म्हणाली, "ती बादली भरत कोण होतं?"

मी पुढची पानं चाळली. मागची चाळली. बादली रोज सकाळी भरलेली होती, जसा काही तो सूर्योदयच. म्हसवडच्या बाईला भरलेली बादली दिसली की आधी भरणारी दिसते. चाळीस पानांत एवढा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मीही दोनदा वाचून, शब्द मोजून, तो विचारला नव्हता.

मी व्हाउचरवर लिहितो तसं समासात लाल शाईनं लिहिलं : 'बादली कोणी भरली? खुलासा करावा.' आणि बाड परत पाठवलं.

भाच्याचा फोन आला. "मामा, लॉजवाल्यांनी भरली असेल. त्यानं काय फरक पडतो?" मी म्हटलं, "व्हाउचर पास होत नाही, एवढाच."

आठ दिवसांनी पाकीट आलं. आत दोन पानं, अक्षर भाचेसुनेचं. तिनं लिहिलं होतं, की मार्च असल्यानं लॉजची विहीर खाली गेली होती. पहाटे उजाडायच्या आधी मालकीणबाई एकटी, पाहुणे उठायच्या आत, सहा झोपड्यांच्या बादल्या भरून ठेवायची. दुसऱ्या दिवशी हिला लवकर जाग आली, म्हणून दिसलं. मग चार दिवस हीही तिच्याबरोबर भरत होती. नवरा तेव्हा झोपलेला असे. पाणी ओढता ओढता बाईनं आपली हकीकत सांगितली. तिचे सासरे लहानपणी पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आले. १९५० च्या दशकात सरकारनं अशा कुटुंबांना या बेटावर जमीन देऊन वसवलं. त्या लोकांच्या पाठीवरही एकेक बोचकंच होतं. समोर जंगल होतं, आणि परतीचं तिकीट नव्हतं. शेवटच्या दिवशी बाईनं विचारलं, "तुमच्या घरी नळ आहे ना? मग एवढे पैसे खर्चून बादलीनं आंघोळ करायला इथं का येता?" 'मला उत्तर देता आलं नाही,' असं सूनबाईनं लिहिलंय, आणि तिथंच थांबलीय.

त्या दोन पानांत 'साधं' हा शब्द एकदाही नाही.

मी अभिप्राय कळवून टाकला. ही दोन पानं पुस्तकाच्या सुरुवातीला घालावीत, खेकडा ठेवावा, बोट ठेवावी, बाकीचं निम्मं करावं. भाचा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, की त्यानं निम्मं केलंय, आणि 'आम्ही' लिहिलेलं कुठं कुठं 'मी' करावं लागतंय ते तपासतोय. समीक्षेचा एवढा परिणाम मराठीत सहसा होत नाही, असं ऐकतो.

पुढच्या साली आमची एलएफसी पुन्हा लागू होते. परवा सौ.ला विचारलं, "यंदा कुठं जायचं? काश्मीर म्हणतेस, की पुन्हा अंदमान?"

ती म्हणाली, "कुठंही चला. फक्त पाणी किती वाजता येतं, तेवढं आधी विचारून ठेवा. म्हणजे मला तेव्हा झोपता येईल."