चढाईपटू नेमकं काय वाचतो?

गेल्या खेपेस आपण ‘अनुमान’ या शब्दापाशी थांबलो होतो. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायदर्शनातलं जुनं उदाहरण. आज तेच घेऊन आपण कबड्डीच्या मैदानात उतरू. हसू नका. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत मंडळामंडळांत हा खेळ रुजलेला आहे, आणि राज्य स्पर्धेत मुंबई उपनगराचा संघ मुंबई शहराहून वेगळा उतरतो. तेव्हा विषय घरचाच आहे.

आमची तक्रार आहे ती समालोचनाबद्दल. चढाईपटू गुण घेऊन परतला की म्हणायचं, ‘त्याने समोरच्याचं मन वाचलं’. पकडला गेला की म्हणायचं, ‘घाई केली’. दोन्ही वाक्यं निकाल लागल्यावर सुचतात. ही समीक्षा नव्हे, हा हिशेब झाला.

मग चढाईत घडतं काय? मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तरच बोनस मिळतो. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. म्हणजे चढाईपटू एका पायावर! कोपऱ्यातला बचावपटू घोट्याला हात घालतो तो नेमका तेव्हाच. म्हणून जाणता चढाईपटू पाय पुढे नेतो, पण लगेच टेकवत नाही. कोपरा मागेच राहिला, तर बोनस घ्यायचा. कोपरा पुढे झेपावला, तर तो आपणहून टप्प्यात आला. त्याला स्पर्श करून परतायचं.

आता जरा अमेरिकेत डोकावू, कारण तिथल्या फुटबॉलमध्ये हीच गोष्ट नाव देऊन शिकवतात. ‘रन-पास ऑप्शन’ म्हणतात त्या डावात क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्या सहकाऱ्याच्या पोटाशी नेतो, पण सोडत नाही. त्याची नजर बचावातल्या एकाच, आधीच ठरवलेल्या खेळाडूवर असते. तो धाव अडवायला पुढे आला, तर त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेत पास फेकायचा. तो मागे राहिला, तर चेंडू धावणाऱ्याच्या हाती सोडायचा. २०१८च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकणाऱ्या फिलाडेल्फिया ईगल्सने त्या मोसमात असे डाव भरपूर खेळले. इथे कळीची गोष्ट अशी की, कोणाला वाचायचं हे आधी ठरलेलं असतं. त्यामुळे प्रशिक्षक नंतर विचारू शकतो, ‘तो पुढे आला होता ना? मग पास का नाही फेकलास?’ या प्रश्नात गुणफलक कुठेही येत नाही.

म्हणजे बघा, मन कोणी वाचत नाही. वाचला जातो तो गुडघा, टाच, अंगाचा कललेला भार. आणि निवड आधी चढाईपटू करत नाही. तो आपली निवड लांबवतो आणि समोरच्याला आधी निवडायला लावतो. नैयायिक स्वतःसाठीचं अनुमान आणि दुसऱ्याला पटवण्यासाठीचं पाच अवयवांचं अनुमान यांत भेद करतात. चढाईपटूचं अनुमान पहिल्या जातीचं. समालोचक दुसऱ्या जातीचं वाक्य मागाहून रचतो आणि तेच खेळाडूच्या डोक्यात आधी होतं असं समजतो. घोटाळा इथे आहे.

कोणी विचारेल, कोपरा फसवत नाही का? फसवतो तर! मुद्दाम मागे राहून बोनसचं आमिष दाखवतो. दूरचं धुकंही धुरासारखं दिसतंच. पण म्हणूनच परिस्थिती वाचावी लागते. समोर पाचच उरले की बोनस नाही, म्हणजे कोपऱ्याला पेचात टाकणारा एक पर्याय गळाला. तीन किंवा त्याहून कमी उरले की पकडीला जादा गुण, म्हणजे आमिषाची लालूच वाढली. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, आणि हे कोपऱ्यालाही ठाऊक असतं. टाच तीच, तिचा अर्थ मात्र दर वेळी निराळा.

आणि दूरचित्रवाणी काय दाखवते? चढाईपटू. संथगतीत त्याचा हात, त्याची उडी. कोपऱ्याचं पहिलं पाऊल चौकटीबाहेर. मुंबईच्या रिशांक देवाडिगाने २०१७मध्ये प्रो कबड्डीच्या एका सामन्यात २८ गुण मिळवले, हे पोरांना तोंडपाठ आहे. त्यांतले किती गुण कोपऱ्याने आधी पाऊल टाकल्यावर आले, हे कोण सांगेल?

हा निव्वळ पंडिती वाद नाही, बरं का. उपनगरातल्या कितीतरी पोरांना कबड्डीतूनच पोलिसांत, रेल्वेत, कंपनीच्या संघात नोकरीची आशा असते. निवड करणाऱ्यांनी फक्त गुण मोजले, तर बरोबर वाचून पाय घसरलेला मुलगा बाहेर बसतो आणि डोळे मिटून उडी मारून वाचलेला आत जातो. हा अन्याय तर आहेच, शिवाय खेळाचंही नुकसान आहे, कारण नशीब शिकवता येत नाही, वाचन शिकवता येतं.

तेव्हा पुढचा सामना बघाल तेव्हा दहा चढाया चढाईपटूकडे बघूच नका. कोपऱ्याची टाच बघा. पंचाचा हात वर जाण्याआधी मनाशी ठरवा: इथे बोनस योग्य, की स्पर्श? मग गुणफलक बघा. दोन्ही जुळले नाहीत तर खुशाल जुळू देऊ नका. पुढच्या वेळी आपण त्या न जुळलेल्या चढायांपासूनच सुरुवात करू.