‘कासव’ : समुद्रकाठचा आसरा आणि खानदेशातील वाट

मानसिक आरोग्याविषयी विद्यार्थ्यांना कोणता मराठी चित्रपट दाखवावा, असे कोणी विचारले तर आम्ही ‘कासव’चेच नाव घेऊ. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटाला २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. तरीही जळगाव-धुळ्याकडच्या वर्गात तो दाखवताना त्यात काय नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

जीव द्यायला निघालेला एक तरुण वाचतो, रुग्णालयातून पळतो आणि कोकणात रस्त्याकडेला तापाने फणफणलेला जानकीला सापडतो. जानकी स्वतः मानसिक आजारातून सावरत असलेली. ती त्याला घरी आणते. ना उलटतपासणी, ना उपदेश. ‘तुला काय कमी आहे?’ हा आपल्या घराघरांतला प्रश्न ती विचारत नाही. जेवण, झोप आणि कोणीतरी जवळपास असणे, एवढ्यावर चित्रपट बराच वेळ रेंगाळतो. काहींना तो संथ वाटेल. आम्हाला तो संथपणा शास्त्रशुद्ध वाटतो, कारण नैराश्यातून बाहेर येण्याची गती तशीच असते.

रूपकाबद्दल मात्र थोडी तक्रार आहे. ‘कासव’ म्हटले की अंग आत ओढून घेणारा प्राणी डोळ्यांपुढे येतो. परंतु कोकण किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले या सागरी कासवाला डोके वा पाय कवचात घेताच येत नाहीत! खरे रूपक दुसरीकडेच आहे. मादी अंडी घालून समुद्रात परतते. माणसे घरट्याभोवती कुंपण घालून कोल्ह्या-कुत्र्यांपासून त्याची राखण करतात आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना वाळूवर सोडतात. पाण्यापर्यंत ती आपल्या पायांनी जातात. जानकी करते ते हेच.

पण हा आसरा त्या तरुणाला योगायोगाने मिळतो. समुद्रकाठचे घर, गाडी आणि सवड असलेली अनुभवी स्त्री चोपड्याच्या किंवा साक्रीच्या वसतिगृहातल्या मुलाला कोठून मिळणार? त्याला मदत शोधावी लागते आणि हा शोध चित्रपटात जवळजवळ नाहीच. आमच्या मते ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. खानदेशात मानसोपचार म्हटले की लोकांना अजून ठाणे-येरवड्याची मनोरुग्णालये आठवतात आणि पाऊल मागे येते. वास्तविक धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तसेच २०१८ पासून जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या उपचारांचे दार आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, मराठीतून.

तरी क्रमांक फळ्यावर लिहून काम भागत नाही. मुलगा ‘मला नैराश्य आलंय’ असे क्वचितच म्हणतो. ‘डोकं दुखतं’, ‘जेवण जात नाही’ असेच सांगतो. पहिले दार बहुधा वर्गशिक्षकाचे असते. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारले तर नसता विचार डोक्यात भरेल, ही भीती अनेक शिक्षकांना वाटते. संशोधनात तिला आधार मिळालेला नाही. उलट विचारल्याने मन हलके झाल्याचेच आढळते. दुसरी भीती पोलिसांची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली. २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत तर त्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने ३०९ कलम राहिलेले नाही.

आणखी एक गोष्ट कोकणातल्या कथेत येण्याचे कारण नव्हते. कापसाच्या फवारणीची औषधे आपल्याकडे कित्येक घरांत हाताशी असतात. टोकाचा क्षण पुष्कळदा थोड्याच वेळात ओसरतो. त्या वेळात साधन हाती लागले नाही तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तेथील आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. पालकसभेत औषधाच्या डब्यांना कुलूप लावण्याविषयी बोलायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही.

चित्रपट अकरावी-बारावीला दाखवावा, लहान वर्गांना नको. सुरुवातीचा भाग जड आहे. तेव्हा शिक्षकाने वर्गातच बसावे आणि एखादे मूल उठून बाहेर गेले तर त्याच्यामागे जावे.