दर्शनी बाजू : ताजमहाल हॉटेलच्या एका चित्रकार्डाचे वाचन

जुन्या मुंबईच्या चित्रकार्डांना पुन्हा भाव आला आहे. कोणी ती जमवतो, कोणी मोठी करून दिवाणखान्यात लावतो, आणि पाहणारा हमखास म्हणतो, 'काय देखणी होती मुंबई!' मला या उद्गाराबद्दलच शंका आहे. चित्रकार्ड हा पुरावा असतो खरा, पण तो शहराचा पुरावा की शहर कोणाला कसे दाखवायचे होते याचा? अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलचे एक कार्ड घेऊन या प्रश्नाचा विचार येथे करायचा आहे.

आपल्या घरांमध्ये कार्ड म्हणजे टपालखात्याचे साधे कार्ड. 1 जुलै 1879 पासून ते पाव आण्याला मिळू लागले. त्यावर दृश्य नसे. मजकूर संपेना म्हणून माणसे समासात, आडवे-तिरपे लिहीत. कोपरा फाडलेले कार्ड हातात पडले की वाचण्याआधीच बातमी कळत असे. चित्रकार्डाची रीत याच्या अगदी उलट. तिथे सांगायचे ते चित्र सांगते, लिहिणाऱ्याने फक्त सही करायची. म्हणून चित्रकार्डाचा खरा लेखक पाठवणारा नसतो. छायाचित्रकार, छापखाना आणि प्रकाशक हे त्याचे लेखक.

माझ्याकडचे कार्ड कोरे आहे, टपालात न पडलेले. पुढे रंगीत चित्र : खाली पाणी, पाण्यात चार होड्या, मध्ये बंदराची भिंत, तिच्यावर मुंगीएवढी माणसे आणि एक घोडागाडी, वर कार्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हॉटेल, मधोमध मोठा घुमट. खाली इंग्रजीत हॉटेलचे आणि शहराचे नाव. मागे मधोमध उभी रेघ, डावीकडे मजकुराला आणि उजवीकडे पत्त्याला जागा, आणि कडेला बारीक अक्षरांत 'प्रिंटेड इन जर्मनी'.

कार्डावर साल नाही, पण ते काढता येते. हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झाले. उभ्या रेघेची पद्धत ब्रिटनने 1902 मध्ये स्वीकारली आणि पुढच्या काही वर्षांत ती सगळीकडे रुळली. चित्रात उजव्या हाताला, जिथे आज गेटवे ऑफ इंडिया असायला हवा, तिथे नुसते आकाश आहे. डिसेंबर 1911 मध्ये पंचम जॉर्ज बंदरावर उतरला तेव्हा त्याच्या स्वागताला पुठ्ठ्याची प्रतिकृतीच होती. प्रत्यक्ष कमान 1924 मध्ये पुरी झाली. शिवाय 1914 च्या महायुद्धाने जर्मन छापखान्यांशी असलेला व्यवहार तुटला. तेव्हा हे कार्ड 1903 ते 1914 या दशकातले मानायला हरकत नाही.

आता छपाईकडे वळू. अंबरनाथ एमआयडीसीत औषधांची आणि साबणाची खोकी छापणाऱ्या कारखान्यात माझी बरीच वर्षे गेली. डोळ्याला भिंग लावून ठिपके पाहणे हे तिथले रोजचे काम. त्या सवयीने हे कार्ड पाहिले, तर त्यात दोन वेगळी कामे दिसतात. काळ्या शाईतले चित्र बारीक, एकसारख्या ठिपक्यांच्या जाळीचे आहे. ते छायाचित्रावरून आलेले. त्यावरचे निळे, पिवळे, तांबडे रंग मात्र जाळीतून आलेले नाहीत. ते हाताने आखून, स्वतंत्र चढवलेले आहेत. तांबड्याचे रजिस्टर केसभर सरकले आहे, त्यामुळे घुमटाची तांबडी कड आकाशात सांडली आहे. चार होड्यांपैकी तिघींची सावली पाण्यात पडते, चौथीची पडत नाही. ती नंतर बसवली असावी.

रंग चढवणाऱ्याने मुंबई पाहिलेली असण्याचे काही कारण नव्हते. त्याच्यासमोर काळे-पांढरे छायाचित्र आणि फार तर रंगांची एखादी टिपणी. म्हणून अपोलो बंदरचे मातकट पाणी इथे इटलीच्या किनाऱ्यासारखे निळे झाले आणि भिंतींचा करडा दगड लोण्यासारखा पिवळा. छपाईचे कसब आपल्याकडे नव्हते असे नाही. 1894 मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेला रविवर्म्यांचा छापखाना घरोघरी देव पोहोचवत होता. पण हॉटेल कसे दिसावे हे जर्मनीतल्या कारागिराने, युरोपातल्या किनारी हॉटेलांच्या नमुन्यावर ठरवले. ज्या निळाईवर आपण आज हळहळतो, ती मुंबईत कधी नव्हतीच.

रंगापेक्षाही मोठी करामत कोनाची आहे. छायाचित्रकार पाण्यात, होडीत उभा असणार. बोटीने येणाऱ्या पाहुण्याला हॉटेल जसे दिसेल तसे त्याने ते टिपले. परंतु ही इमारतीची पुढची बाजू नव्हे. मूळ प्रवेश पश्चिमेला, शहराच्या अंगाला होता. इमारतीचे दोन हात तिकडे पसरलेले, मध्ये मोकळी जागा, आणि गाड्या-घोडे तिथे येत. आज त्या जागी पोहण्याचा तलाव आहे. यात गोंधळ काहीच नाही. गाड्यांची वर्दळ शहराकडे ठेवली की समुद्राकडची सगळी लांबी खोल्यांना मिळते, हा सरळ हिशेब आहे.

मात्र कार्डांनी समुद्राकडची बाजू जगभर नेली. पुढे गेटवे उभा राहिला, त्याच्यासमोरचे मैदान झाले, आणि कालांतराने हॉटेलचे दारही तिकडेच गेले. मग लोकांना प्रश्न पडला : दर्शनी बाजू ही, तर मूळ दार मागे कसे? त्याला उत्तर म्हणून एक दंतकथा आली. ती बहुतेकांनी ऐकली असेल : विलायती वास्तुकाराने नकाशा पाठवला, इथल्या लोकांनी इमारत उलटी बांधली, आणि परतल्यावर ते पाहून त्याने जीव दिला.

ही कथा खोटी आहे, पण ती नुसती खोटी म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यात एक हुशार परदेशी आहे आणि बरेच मूर्ख देशी आहेत. प्रत्यक्षात आराखडा केला तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य त्याआधी व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामावर एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे साहाय्यक अभियंता होते. हॉटेल पुरे होण्याआधीच ते वारले आणि उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने तडीस नेले. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी यांचे, आतला प्रसिद्ध अधांतरी जिनाही त्यांचाच. म्हणजे दंतकथेने एकाच फटक्यात मराठी वास्तुकार पुसला, त्याच्या जागी साहेब बसवला, आणि उरलेल्यांना नकाशा न वाचता येणारे ठरवले. आणि ती आपण, मराठी माणसेच, पाहुण्यांना गेटवे दाखवताना हौसेने सांगतो.

कार्डाने ही कथा रचली असे मी म्हणणार नाही. पण कथेला लागणारी जमीन कार्डाने तयार केली. एकच कोन पुन्हा पुन्हा छापला की तोच 'समोर' होतो, आणि मग खरी रचना चूक वाटू लागते. कार्डाच्या मथळ्यात हॉटेल आहे, शहर आहे. ज्याने ते कागदावर प्रथम उभे केले त्याला तिथे जागा नाही.

या कोनाची ताकद नोव्हेंबर 2008 मध्ये पुन्हा दिसली. घुमटापाशी धूर निघत असलेले जे दृश्य जगाने पाहिले, ते समुद्राच्या अंगाने, जवळजवळ याच कार्डाच्या चौकटीत. शतकभर पाहिलेले चित्र होते म्हणूनच ते जळताना पाहणे इतके असह्य झाले, हेही खरे. चित्रकार्डाने आपल्याला या इमारतीशी बांधून ठेवले, त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

म्हणून जुनी कार्डे जमवू नयेत असे नाही. ती जरूर जमवावीत, पण अल्बममध्ये चिकटवू नयेत, पाठही वाचता यावी. चित्र कोणी छापले, रंग कुठे चढला, कॅमेरा कोणाच्या डोळ्यांच्या जागी उभा आहे, चौकटीबाहेर कोणते दार राहिले, हे विचारल्याशिवाय 'काय देखणी होती मुंबई' म्हणू नये. आणि ताजचे कार्ड कोणाला दाखवताना एक नाव मुद्दाम घ्यावे : सीताराम खंडेराव वैद्य. त्यांनी इमारत उलटी बांधलेली नाही. ती आपण उलटी पाहत आलो आहोत.