दोरीवरचा उमेदवार

जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ (१७२६) या ग्रंथाशी आपला परिचय बहुधा शालेय संक्षेपातून होतो. त्यामुळे लिलिपुटच्या दरबारातील दोरीवरचा नाच मुलांची करमणूक म्हणूनच वाचला जातो. टीकाकार पुढे जातात. परंतु खजिनदार फ्लिमनॅप म्हणजे तत्कालीन मंत्री वॉलपोल, एवढे सांगून तेही थांबतात. आमच्या मते या प्रसंगाचे मर्म वॉलपोलमध्ये नसून खुद्द स्विफ्टच्या उमेदवारीत आहे.

सर विल्यम टेंपल हे निवृत्त मुत्सद्दी मूर पार्क येथे राहत; राजा तिसरा विल्यम त्यांचा सल्ला घेई. स्विफ्ट १६८९ पासून, मध्ये खंड पडत, त्यांच्या पदरी लेखनिक होता. १६९० मध्ये टेंपल यांनी आयर्लंडास निघालेल्या सर रॉबर्ट साउथवेल यांना शिफारसपत्र लिहिले. तरुणास लॅटिन, ग्रीक व थोडी फ्रेंच येते, अक्षर चांगले आहे, तो प्रामाणिक आहे. त्यास कारकून म्हणून ठेवावे अथवा डब्लिनच्या कॉलेजात फेलोशिप मिळवून द्यावी, असा त्याचा आशय. पत्र निष्फळ ठरले. १६९४ मध्ये स्विफ्ट नाराज होऊन निघून गेला. परंतु दीक्षेसाठी वर्तणुकीचा दाखला हवा झाला, तेव्हा त्याच टेंपलना त्यास दीनपणे लिहावे लागले. जानेवारी १६९९ मध्ये टेंपल वारले. कँटरबरी वा वेस्टमिन्स्टर येथील धर्मपीठात जागा देण्याचे वचन राजाने टेंपलना दिले होते, असे स्विफ्टचे म्हणणे. त्याने अर्ज केला, टेंपलची पत्रे संपादून राजास अर्पण केली. जागा मिळाली नाही.

हे ध्यानी घेऊन तो प्रसंग पुन्हा वाचावा. जमिनीपासून १२ इंच उंच ताणलेल्या पांढऱ्या धाग्यावर उमेदवार नाचतात. न पडता सर्वांत उंच उडी घेईल त्यास पद. फ्लिमनॅप पडला, पण खाली राजाची उशी होती म्हणून मान वाचली. ज्याच्या खालची उशी ऐनवेळी नाहीशी झाली, अशा माणसालाच ही उशी सुचावी. पुढे तर गलिव्हर रेल्ड्रेसलला दुसरा क्रमांक देतो आणि तो मित्र असल्याने आपला पक्षपात होत असेल, अशी पुस्तीही जोडतो. नाच पाहून हसणारा प्रेक्षकही नकळत शिफारस करून जातो!

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. या उमेदवारांत कुलीन वा सुशिक्षित नसलेलेही असतात, असे स्विफ्ट टोमण्याने सांगतो. तेथे डावललेल्या विद्वानाचा अहंकार बोलतो. उमेदवारास दोरीवर चढविणारे पोट त्यास दिसत नाही.

आम्हां शिक्षकांना ते दिसते. जुने विद्यार्थी दाखल्यासाठी येतात. एखाद्या माजी मंत्र्यास आपण ओळखतो असे कळले, की चिठ्ठीही मागतात. अशा चिठ्ठ्या आम्ही दिल्या आहेत. त्यांत योग्यता किती आणि लोभ किती, हे आम्हांस आजही निश्चयाने सांगता येणार नाही. म्हणूनच हा प्रसंग वरच्या वर्गांत, गलिव्हरच्या त्या पुस्तीसह, समग्र शिकवावा.