वहिवाटीचा हक्क : ‘द स्टेशन एजंट’मधील मैत्री आणि पाहण्याचा प्रश्न

टॉम मॅकार्थी यांचा ‘द स्टेशन एजंट’ (२००३) हा पहिलाच चित्रपट. ‘तीन विजोड माणसांच्या मैत्रीची हृद्य कथा’ एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण करण्याची सवय समीक्षेला जडली आहे. दुखावलेली माणसे एकत्र येतात आणि त्यांच्या जखमा भरून येतात, हा त्याचा सारांश सर्वथा चुकीचा नाही. मात्र या सारांशात कथानक येते, घाट येत नाही. आणि या चित्रपटाचे जे काही सामर्थ्य आहे ते प्रामुख्याने घाटात आहे.

फिनबार मॅक्ब्राइड हा शरीराने खुजा, अल्पभाषी माणूस होबोकन येथील आगगाड्यांच्या प्रतिकृतींच्या दुकानात काम करतो. दुकानाचा वृद्ध मालक हेन्री अकस्मात मरण पावतो आणि न्यू जर्सीतील न्यूफाउंडलंड या आडगावातील रेल्वेचे एक जुने, वापरात नसलेले स्थानक त्याला वारसाने मिळते. माणसे टाळण्यासाठी तो तेथे राहायला जातो. परंतु दाराशीच आजारी वडिलांची कॉफीची गाडी चालवणारा, क्यूबन वंशाचा बडबड्या जो उभा असतो. रस्त्यावर ऑलिव्हिया ही चित्रकार स्त्री एकदा सोडून दोनदा त्याला मोटारीखाली घेता घेता राहते. तिचा लहान मुलगा दोन वर्षांपूर्वी गेलेला आहे. शाळकरी क्लिओ आणि ग्रंथालयातली एमिली यांची त्यात भर पडते. घटना म्हणून सांगण्यासारखे याहून फारसे काही नाही.

प्रश्न उभा राहतो तो फिनच्या देहाचा. चित्रपटातील दृष्टी निरागस नसते, ती पाहणारा व पाहिला जाणारा यांच्यात सत्तेची उतरंड निर्माण करते, हे लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली स्त्रीदेहाच्या संदर्भात दाखवून दिले. विकलांग देहाच्या बाबतीत ही उतरंड अधिकच निर्लज्ज असते, कारण तेथे टक लावून पाहणे हे कुतूहल म्हणून क्षम्य ठरते. गावातील दुकानदार बाई फिनला न विचारताच त्याचे छायाचित्र काढते, त्या प्रसंगात चित्रपट स्वतःच्याच माध्यमाकडे बोट दाखवतो. जो कॅमेरा त्या बाईच्या हाती आहे, तोच दिग्दर्शकाच्याही हाती आहे. मग या दोहोंत फरक कोणता? मॅकार्थी तो अंतराने सिद्ध करतात. त्यांचा कॅमेरा बहुधा स्थिर राहतो, फिनला विस्तीर्ण अवकाशात चालू देतो, त्याच्या चेहऱ्याकडे जातो तेव्हाही त्याच्याकडून खुलासा मागत नाही. पीटर डिंक्लेज यांचा अभिनयही याच नकारावर उभा आहे. प्रेक्षकाची दया जेथे हमखास मिळाली असती, तेथे ते तुटक, किंचित उर्मट होतात.

डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी २००० साली मांडलेली ‘कथनाची कुबडी’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. कथनव्यवहार विकलांगतेचा आधार घेतो, तिला रूपक म्हणून राबवतो आणि तिच्या वास्तवाकडे पाठ फिरवतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. फिनचा खुजेपणा हे एकाकीपणाचे रूपक आहे काय? मूळ कल्पनेत हे पात्र खुजे नव्हते, डिंक्लेज यांचा विचार सुरू झाल्यावर ते तसे झाले, ही माहिती येथे महत्त्वाची ठरते. एकाकीपण आधीचे आहे, देह नंतर आला. म्हणून देह एकाकीपणाचा अर्थ होऊन बसत नाही. ऑलिव्हियाचे आणि जोचे एकाकीपण देहाविना तितकेच पुरे आहे.

आगगाडीच्या शौकिनांच्या व्यवहारात रुळांच्या कडेने चालत जाण्याला एक स्वतंत्र स्थान आहे. रुळांच्या दुतर्फा रेल्वेच्या मालकीची जी पट्टी असते तिला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ जाण्या-येण्याचा हक्क असाही होतो. मराठीत त्याला ‘वहिवाट’ म्हणता येईल, आणि हा मराठी शब्द चित्रपटाच्या आशयाशी मूळ शब्दापेक्षाही अधिक जवळचा आहे. वहिवाट कोणी बहाल करीत नाही. ती पायांनी, रोजच्या ये-जा करण्याने पडते आणि कालांतराने हक्क होते. जो फिनच्या आयुष्यात याच मार्गाने शिरतो. तो रोज येतो, रोज नकार मिळतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. दोघे शेजारी बसून वाचतात. जोला गप्प राहणे जमत नाही. पुढे तिघेही रुळांवरून चालतात. या दृश्यांत संवाद जवळजवळ नाही, कोणी कोणाला आपले दुःख उलगडून सांगत नाही. मैत्रीची मीमांसा करणाऱ्या बहुतेक चित्रपटांत कबुलीजबाब हा कळसाध्याय असतो. येथे माणसे एकमेकांच्या बाजूला असतात, समोरासमोर क्वचितच येतात. सुमारे ५ लाख डॉलर आणि अवघे २० दिवस एवढ्या भांडवलावर काम करणाऱ्या दिग्दर्शकाला हा साधेपणा परवडणारा होता, असे कोणी म्हणेल. परंतु काटकसर सर्वांनाच करावी लागते, शैली सर्वांना साधत नाही.

उत्तरार्धात मात्र मॅकार्थी यांचा स्वतःच्या संथपणावरील विश्वास डळमळतो. ऑलिव्हिया दार लावून घेते, फिनला झिडकारते. तो दारूच्या गुत्त्यात सर्वांना आपल्याकडे पाहून घ्या असे ओरडून बजावतो आणि नंतर रुळांवर कोसळतो. तिकडे ऑलिव्हिया गोळ्या घेते. गुत्त्यातील उद्रेक समर्थनीय आहे. छायाचित्राच्या प्रसंगापासून जे साचत आले त्याचे ते उत्तर आहे, आणि बघ्यांना बघ्याचा आरसा दाखवणारेही. पण दोन मृत्यूच्या छाया एकाच वेळी आणण्यात पटकथेची गणिती हौस दिसते. वहिवाटीने जे हळूहळू घडत होते ते येथे आपत्तीने घाईघाईने घडवले जाते. सनडान्स महोत्सवात २००३ साली प्रेक्षकपसंतीचे आणि पटकथेचे अशी दोन्ही पारितोषिके या चित्रपटाला लाभली. त्यांतले पटकथेचे पारितोषिक या भागाला उद्देशून नसावे. पॅट्रिशिया क्लार्कसन यांच्या अभिनयाने हा भाग सावरला जातो, कारण ऑलिव्हियाचे कोसळणे त्या विस्कळीत, काहीशा हास्यास्पद हालचालींतून आधीपासूनच पेरत आलेल्या असतात.

क्लिओच्या आग्रहावरून फिन शाळेत आगगाड्यांवर बोलायला जातो, तो प्रसंग म्हणूनच अधिक मोलाचा. एक मुलगा त्याची उंची विचारतो. जो प्रश्न आजवर अपमान म्हणून आला तो येथे मुलाच्या तोंडी साध्या चौकशीसारखा येतो, आणि फिन वर्गातच राहतो. काही जिंकल्याची खूण दिग्दर्शक देत नाही. अमेरिकेतील लहान स्थानकांचा एजंट पूर्वी तिकिटे, मालवाहतूक, तारा असे सारे सांभाळीत असे. गावाचा व्यवहार त्याच्या खिडकीतून होई. शीर्षकातील हे पद फिनला कोणी दिलेले नाही. चित्रपटाच्या अखेरीस तिघे ओसरीवर बसून क्षुल्लक विषयावर गप्पा मारीत असतात, मध्येच थांबतात, पुन्हा बोलतात. ऑलिव्हियाचा मुलगा परत आलेला नसतो आणि फिनची उंची तेवढीच असते.