आन्व्याचा दगड आणि गोंधळ्याचे संबळ

यादवांच्या दरबाराचा विषय निघाला की आपण देवगिरीचा किल्ला दाखवतो आणि १२९६च्या अल्लाउद्दीनाच्या स्वारीपाशी येऊन थांबतो. त्या स्वारीच्या कितीतरी आधी, सिंघणाच्या राजवटीत (१२१०–१२४७), राज्याचे हिशेब सांभाळणारा शार्ङ्गदेव ‘संगीतरत्नाकर’ लिहीत होता. त्याचे आजोबा काश्मीरातून दक्षिणेत आलेले. स्वरापासून सुरू होणारा हा सात अध्यायांचा ग्रंथ नृत्यापाशी संपतो, कारण गीत, वाद्य आणि नृत्य या तिन्हींना मिळून तो संगीत म्हणतो. पुढे विजयनगरात कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिली. हिंदुस्तानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा आजही या ग्रंथाचा आधार घेतात.

या दरबाराची दुसरी बाजू जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या आन्व्याला पाहावी. तिथले मंदिर आज महादेवाचे, पण बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या शक्ती उभ्या आहेत. मंडपाच्या खांबांवरची नक्षी इतकी दाट की डोळा एका जागी ठरत नाही. आणि अशा शिल्पावर आपण एकच शिक्का मारतो: ‘हेमाडपंती’. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या कितीतरी आधी बांधलेली देवळेही आपण त्याच्या नावावर टाकतो. हा शब्द माहितीफलकांवरून काढलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने काळ पुसला जातो आणि कारागीरही.

त्याहून मोठी हानी अभ्यासाच्या वाटण्यांनी केली आहे. मूर्तिशास्त्राचा अभ्यासक हातातली आयुधे मोजतो, संगीताचा अभ्यासक श्रुती मोजतो. ‘संगीतरत्नाकरा’तला नृत्यावरचा नर्तनाध्याय हाती घेऊन आन्व्याच्या मूर्तींचे उभे राहणे, कंबरेचा बाक, हातांची ठेवण कोणी फारसे तपासत नाही. युरोपात मात्र अशी सांगड घातली गेली. शार्ङ्गदेवाच्याच काळाच्या आसपास स्पेनमध्ये दहाव्या आल्फोन्सो राजाच्या दरबारात चारशेहून अधिक भक्तिगीतांच्या चित्रमय पोथ्या तयार झाल्या. त्यांतली वादकांची चित्रे पाहून युरोपातल्या कारागिरांनी जुनी वाद्ये पुन्हा घडवली आणि ती आज मैफलीत वाजतात.

आपल्याकडे तर यातले काही अजून जिवंत आहे. ‘संगीतरत्नाकरा’त ‘गौंडली’ नावाच्या देशी नृत्याचे वर्णन आहे. त्याआधी बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही ‘गोंडली’ येते आणि अभ्यासकांनी तिचा संबंध आपल्या गोंधळाशी जोडला आहे. म्हणजे दरबाराने हे नृत्य लोकांकडूनच उचलले. दरबार गेला, संबळ, तुणतुणे आणि दिवटी राहिली. लग्नानंतरच्या जागरणात मराठवाड्यात गोंधळ अजून घातला जातो. पण रात्रभराचा गोंधळ आता तासा-दोन तासांवर आला आहे, आणि कर्ण्याच्या गोंगाटात संबळाचे बोल नीट ऐकू येत नाहीत. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. दगड अजून काही शतके टिकेल, पण संबळाचा बोल शिकवणारा हात एका पिढीत थांबू शकतो.

तेव्हा अजिंठ्याला जाताना वाट थोडी वाकडी करून आन्व्याला थांबा. आणि पुढच्या वेळी घरी गोंधळ घालाल तेव्हा कर्णा बंद ठेवून गोंधळ्यांना पूर्ण रात्र द्या.