मेलुहा, सिम्रावचा राजपुत्र आणि गंगाधरपंत

रंजनप्रधान कादंबरीकडे पाहण्याची आपल्या समीक्षेची एक ठरलेली रीत आहे. नाक मुरडायचे आणि पुढे जायचे. प्रस्थापित समीक्षकांनी ही रीत घालून दिली, आणि त्यांच्या साऱ्या निकषांना नकार देणाऱ्या आपण ती मात्र मुकाट्याने उचलली. कविता, आत्मकथन, फार तर कथा एवढ्याचाच आपण विचार करतो. पण वसतिगृहातल्या आपल्या मुलांच्या उशाखाली काय असते? स्पर्धा-परीक्षेच्या मार्गदर्शकाखाली दडवलेली जाड कादंबरी असते, आणि ती 'बलुतं' नसते. जे पुस्तक मुलगा रात्री दोनपर्यंत जागून वाचतो, ते त्याच्या मनात काहीतरी पेरून जाते. काय पेरले जाते हे पाहणे कमीपणाचे नाही. गेल्या काही वर्षांत हाती आलेल्या अशा पुस्तकांविषयी माझी मते येथे मांडतो. ऐतिहासिक कादंबरीवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून ती बाजूला ठेवतो.

पहिला मान अमीश त्रिपाठी यांच्या शिवत्रयीला द्यावा लागेल. 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' हा पहिला भाग २०१० साली आला, पुढचे दोन २०११ आणि २०१३ साली. इंग्रजीत खपली, मराठीतही आली, आणि आपल्या मुलांनी ती आवडीने वाचली. शिव हा देव नसून तिबेटातून आलेला एक टोळीनायक आहे, हाडामांसाचा माणूस आहे, ही कल्पना वाचकाला धरून ठेवते. देवाला माणूस करणे हे तसे आपल्याला परके नाही. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त, १८७३ साली, अवतारांची सालेच काढली होती. पण जोतीराव देवत्व उतरवतात ते त्याखालची सत्ता दाखवण्यासाठी. येथे देवत्व उतरते आणि त्याखालची व्यवस्था अधिक लखलखीत होऊन उभी राहते.

ती व्यवस्था अशी. मेलुहा हे रामाने घालून दिलेल्या नियमांवर चालणारे आदर्श राज्य. तेथे जन्मावरून वर्ण ठरत नाही. सर्व गर्भवती स्त्रिया मैका नावाच्या ठिकाणी जाऊन बाळंत होतात, मुले तेथेच राहतात, आईबापांना आपले मूल कोणते हे कळत नाही. मुले वयात आली की परीक्षा होते आणि निकालाप्रमाणे कोणी ब्राह्मण, कोणी क्षत्रिय, कोणी वैश्य, कोणी शूद्र ठरतो. मग त्या त्या वर्णाची जोडपी त्यांना दत्तक घेतात. हे वाचून आपला एखादा विद्यार्थी म्हणतो, "सर, हे तर न्यायाचे झाले!" त्याचा दोष नाही. कल्पना मोठ्या चतुराईने मांडली आहे. पण गुणकर्मावर आधारलेले चातुर्वर्ण्य हा आर्यसमाजी युक्तिवाद नवा नाही, आणि त्याचे उत्तरही नवे नाही. ते बाबासाहेबांनी १९३६ साली, म्हणजे या कादंबरीच्या चौऱ्याहत्तर वर्षे आधी, 'जातिनिर्मूलना'त देऊन ठेवले आहे. गुणाप्रमाणेच माणसाला मान द्यायचा असेल तर ब्राह्मण, क्षत्रिय, शूद्र ही लेबले हवीत कशाला? विद्वानाला लेबलावाचून मान मिळत नाही काय? ही नावे जोवर आहेत तोवर त्यांना चिकटलेली उच्चनीचता आहे. त्याच ग्रंथात बाबासाहेब पुढे म्हणतात की अशी व्यवस्था शिक्षेच्या धाकावाचून टिकत नाही, आणि दाखला देतात शंबूकाच्या वधाचा. मेलुहात राम पावलोपावली आठवला जातो. शंबूक मला कोठे भेटला नाही.

आणि परीक्षा घेतो कोण? प्रश्नपत्रिका कोण काढतो? मैकेत शिकवतो कोण? शूद्र ठरलेल्या मुलाला पुढल्या वर्षी पुन्हा बसता येते काय? आपल्यापैकी ज्यांनी मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेले चेहरे पाहिले आहेत, त्यांना हे प्रश्न सुचायला हवेत.

याहून महत्त्वाचे आहे ते 'विकर्म' प्रकरण. मेलुहात अस्पृश्य आहेत. मागल्या जन्मीच्या पापाची फळे या जन्मी भोगणारे म्हणून त्यांना विकर्म म्हणतात. त्यांचा स्पर्श झाला तर शुद्धी करून घ्यावी लागते. आता या अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व कादंबरीत कोण करते? सती. सम्राट दक्षाची मुलगी! तिचे मूल मृत जन्मले, त्याच दिवशी नवरा गेला, म्हणून ती विकर्म. वाचकाला तिच्याविषयी हळहळ वाटते, वाटावीच. पण हातात झाडू नाही, गावाबाहेर वस्ती नाही, उष्ट्यावर जगणे नाही. अस्पृश्यतेतून श्रम, भूक आणि मालमत्ता वजा केली की उरतो तो एका राजकन्येचा दुःखद प्रसंग. मग नीलकंठ तिच्या प्रेमात पडतो आणि त्याच्या एका शब्दावर हा कायदा रद्द होतो. विकर्मांनी सभा घेतली नाही, तळ्यावर मोर्चा नेला नाही. पुढच्या युद्धात मात्र त्यांनी कृतज्ञतेने प्राण द्यायचे. २० मार्च १९२७ रोजी महाडला जे घडले त्याच्याशी हे ताडून पाहावे. तेथे कोणी नीलकंठ आला नव्हता.

नागांचेही तसेच. जन्मतः शारीरिक व्यंग असलेली माणसे म्हणजे नाग. पहिल्या भागात ती दहशतीचे दुसरे नाव आहेत. दुसऱ्या भागात लेखक हे चित्र पालटतो, नाग दुष्ट नव्हते हे सांगतो, आणि तेवढे श्रेय त्याला द्यायला हवे. पण नागांची राणी निघते सतीची जुळी बहीण, आणि नागांचा नेता सतीचाच मुलगा. म्हणजे बहिष्कृतांत जो कोणी थोर, तो मुळात राजघराण्यातलाच. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी नाग लोकांविषयी जे सांगितले ते ऐकून वाढलेल्या आपल्या घरांतल्या मुलांनी हे वाचताना जरा थांबावे.

चेतन भगत यांची 'हाफ गर्लफ्रेंड' (२०१४) हा अगदी वेगळा माल. भाषा साधी, गोष्ट पळती. बिहारच्या सिम्राव गावचा माधव झा दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात मुलाखतीला जातो आणि इंग्रजीत अडखळतो. हा प्रसंग खरा उतरला आहे. तोंडातला शब्द ओठावर येऊन मरणे, समोरच्याचे ते किंचित हसू, ज्याला ठाऊक आहे त्याला ते लगेच ओळखू येईल. पहिल्या पिढीतल्या आपल्या हजारो मुलामुलींची ही जखम आहे. पण लेखकाने ती दिली कोणाला? एका संस्थानिक घराण्यातल्या राजपुत्राला. त्याची आई गावात राणीसाहेब आहे. आणि त्याला प्रवेश मिळतो तो कोणत्या वाटेने? खेळाडूंच्या राखीव जागेवर, बास्केटबॉलच्या जोरावर. राखीव जागा आहे, अपुरी इंग्रजी आहे, वरच्या थरातल्या मुलांचा तुच्छतेचा डोळाही आहे, फक्त ज्याच्या वाट्याला हे सारे रोज येते तो विद्यार्थी तेवढा नाही. त्याचे दुःख उसने घेतले, आणि त्याला दाराबाहेर ठेवले. लेखकाने हे मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही. त्याच्या डोळ्यांना तो विद्यार्थी दिसलाच नसावा, आणि तेच अधिक वाईट.

सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ची. २०१३च्या चित्रपटाने ती पुन्हा तरुणांच्या हाती आली. शिरवळकरांचा संवाद चटपटीत, वेग दांडगा, आणि मैत्रीतला जीव त्यांना कळतो. मी ती एका बैठकीत वाचली. पण पुण्याच्या त्या कट्ट्यावर मुले प्रेमासाठी मारामाऱ्या करीत होती, त्याच काळात मराठवाड्यात आमची घरे विद्यापीठाच्या एका नावासाठी जळाली होती. नामांतराचा ठराव १९७८चा, नामविस्तार १९९४चा. सोळा वर्षांच्या या लढ्यात विद्यार्थीच आघाडीवर होते. त्यातून मराठीला एकही लोकप्रिय कॉलेज-कादंबरी मिळाली नाही. शिरवळकरांच्या रहस्यकथांतील एका गुप्तहेराचे नाव मंदार पटवर्धन. कांबळे आडनावाचा गुप्तहेर मराठी वाचकाने अजून पाहिलेला नाही.

भयकथेविषयी थोडक्यात. नारायण धारपांची पुस्तके नव्या आवृत्त्यांत पुन्हा वाचली जात आहेत आणि भीती बांधण्याचे त्यांचे कसब वादातीत आहे. माझी तक्रार एकंदर प्रकाराशी आहे. मराठी भयकथेत अशुभ नेहमी ओढ्यापलीकडे, वेशीबाहेर, मसणवट्याच्या बाजूला राहते. आमचीही वस्ती तिकडेच असते. तिकडून गावाकडे पाहिले तर भीती कोठे दिसेल, याची कथा कोणी लिहीत नाही.

आता विज्ञानकथा. २०२५ साली निधन पावलेले जयंत नारळीकर यांच्याविषयी मला आदर आहे. अंधश्रद्धेविरुद्ध ते आयुष्यभर उभे राहिले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मी अनेकदा वाचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका समांतर जगात जातात. तेथे पानिपतावर विश्वासरावाला गोळी लागली नाही, ती चाटून गेली, आणि मराठे जिंकले. ईस्ट इंडिया कंपनीला देश गिळता आला नाही. पेशवे पुढे विज्ञानाची केंद्रे काढतात, कालांतराने लोकशाहीही येते. गंगाधरपंत मुंबईच्या टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून हा सारा इतिहास वाचतात. कल्पना देखणी आहे, मांडणी काटेकोर आहे.

पण त्या ग्रंथालयात मी बसलो असतो तर मी दुसरीच पाने उघडली असती. १८१८ साली पेशवाई बुडाली नाही, तर पुण्याच्या रस्त्यावरचा माणूस गळ्यातले मडके आणि कमरेचे झाडू केव्हा सोडतो? १८४८ साली भिडेवाड्यात शाळा निघते काय? महारांची पलटण नाही, तर सुभेदार रामजी नाहीत. मग त्यांचा चौदावा मुलगा कोठे शिकतो? पेशव्यांच्या त्या लोकशाहीत मतपेटीला कोण हात लावतो? गंगाधरपंतांना यातले काही विचारावेसे वाटत नाही. इंग्रजांच्या राज्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, त्यांनीही पुढे महारांची लष्करभरती बंद केलीच. पण इतिहासाचा काटा कोणत्या क्षणी वळवावा हे ठरवणाराची जात त्या निवडीत उतरते, एवढे तर दिसतेच.

या प्रकारातच दोष आहे असे कोणी म्हणेल, तर मला मान्य नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी 'फकिरा' १९५९ साली दिली. घोडदौड आहे, लूट आहे, पाठलाग आहे, जोगणीचा थरार आहे. लोकप्रिय कादंबरीचा सारा मसाला आहे. आणि नायक मांग आहे, तो दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो, आणि पुस्तक बाबासाहेबांना अर्पण केलेले आहे. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, गिरणगावात त्या हातोहात फिरल्या. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, आणि ती वाट आपण पुढे चाललो नाही. आत्मकथनाने आपल्याला जगात उभे केले हे खरे, पण रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा ही सारी राने आपण दुसऱ्यांसाठी मोकळी सोडली. ज्यांच्या चळवळीवरून आपल्या पँथरने १९७२ साली नाव घेतले, त्या अमेरिकेतल्या काळ्यांनी तसे केले नाही. ऑक्टेव्हिया बटलरची 'किंड्रेड' १९७९ची. कॅलिफोर्नियातली एक काळी तरुणी कालप्रवासात मेरीलँडच्या मळ्यावर जाऊन पडते, गुलामगिरीच्या दिवसांत, आणि परत येताना एक हात गमावून येते. तिला तेथे ग्रंथालयात बसून खंड चाळता येत नाहीत. बटलरवरील एका ग्रंथाच्या दोन संपादकांपैकी एक, मिमी मंडल, ही आपल्यातलीच. तो ग्रंथ २०१८ साली ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. ती इंग्रजीत लिहिते.

मराठीत गंगाधरपंतांच्या जागी मिलिंद महाविद्यालयातली एखादी इतिहासाची विद्यार्थिनी त्या जगात उतरली, आणि दिवस कलताना, सावल्या लांबत असताना, पुण्याच्या वेशीपाशी उभी राहिली, तर तिला दार उघडायचे की नाही हे पहारेकरी कशावरून ठरवील? ही कथा माझ्या वाचनात आलेली नाही. कोणी लिहिली असेल तर तिने किंवा त्याने ती या त्रैमासिकाकडे धाडावी.